ग्रॅमला किती मिलिग्रॅम, हे मी शेवटी वाचते

कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) किंवा ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा) वापरून सांडपाण्यातली चिवट रसायनं काढायची, या विषयावरचे शोधनिबंध वाचणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. बहुतेकांचा सारांश एकाच फुशारकीवर संपतो: आमचा पदार्थ ग्रॅमला इतके मिलिग्रॅम प्रदूषक धरतो. तो आकडा बाजूला ठेवून मी आधी पद्धतीचं पान उघडते आणि सुरुवातीला पाण्यात किती प्रदूषक घातलं होतं ते शोधते.

पुष्कळदा उत्तर निघतं, लिटरला ५० किंवा १०० मिलिग्रॅम. पीएफओए हे असंच एक चिवट, फ्लोरिनयुक्त रसायन, आणि एवढं पीएफओए खऱ्या सांडपाण्यात सहसा नसतं. तिथे हिशोब नॅनोग्रॅममध्ये चालतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि त्याच्याच गटातल्या पीएफओएसची मर्यादा लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ठरवली. १०० मिलिग्रॅम आणि १०० नॅनोग्रॅम यांत दहा लाख पटींचा फरक आहे. दाट द्रावणात पृष्ठभाग गच्च भरतो आणि आकडा भरघोस दिसतो. विरळ पाण्यात तोच पदार्थ किती घट्ट धरतो, हे त्यावरून कळत नाही, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच.

कार्बन चांगला का, याचं कारण मात्र पक्कं आहे. ग्राफीनचं सैद्धांतिक क्षेत्रफळ ग्रॅमला २,६३० चौरस मीटर. कार्बामाझेपिनसारखं औषध नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं, पण त्याच्या रेणूत बेंझिनची वलयं आहेत. ती ग्राफीनच्या षटकोनी जाळीवर टेकतात आणि दोन्हीकडचे π (‘पाय’) इलेक्ट्रॉन, म्हणजे वलयांवर पसरलेले इलेक्ट्रॉन, एकमेकांना धरून ठेवतात. शिवाय नॅनोट्यूबची बाहेरची बाजू उघडी असते. सक्रिय कोळशात रेणूला अरुंद छिद्रांतून आत झिरपावं लागतं, इथे तो वेळ वाचतो. (पाण्यात पडल्यावर ग्राफीनचे थर एकमेकांवर बसतात, नॅनोट्यूबच्या जुड्या बांधल्या जातात आणि ते कागदावरचं क्षेत्रफळ बरंचसं झाकलं जातं, ही गोष्ट वेगळी.)

पीएफओएची तऱ्हा निराळी. त्यात वलय नाहीच. फ्लोरिनने मढवलेली, पाण्याला नकोशी शेपटी आणि टोकाला ऋणभार. ग्राफीन ऑक्साइडवरही (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनवर) साधारण पाण्यात ऋणभारच असतो, म्हणून दोघं एकमेकांना ढकलतात. तेव्हा ‘ग्राफीन ऑक्साइड सगळ्यांवर चालतं’ असं कोणी म्हटलं की मी नकारार्थी मान हलवून पुढे जाते. अमाइन (नायट्रोजन असलेला गट) जोडून पृष्ठभाग धनभारित केला तर चित्र बदलतं. तरी चार कार्बनचं छोटं पीएफबीए तिथे टिकत नाही. लांब शेपटीवाला भाऊबंद आला की जागा सोडतं.

दुसरी गोष्ट मी बघते ती कोरी चाचणी, म्हणजे कार्बन न घालता केलेला तोच प्रयोग. पीएफओए काचेला चिकटतं. नमुना गाळायच्या पडद्यालाही चिकटतं. उलट टेफ्लॉनच्या झाकणातून किंवा नळीतून या गटातली रसायनं नमुन्यात उतरू शकतात. म्हणून आमच्याकडे पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्या असतात आणि टेफ्लॉनला त्या टेबलावर बंदी. कोऱ्या चाचणीचा आकडाच दिला नसेल, तर ‘९९ टक्के निर्मूलन’ यातलं कार्बनचं किती आणि गाळणीचं किती, कोण सांगणार? असा निबंध मी बाजूला ठेवते.

मग पाणी कुठलं होतं? ऊर्ध्वपातित पाण्यात सगळेच शूर. खऱ्या सांडपाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ लिटरला काही मिलिग्रॅम सहज असतात. नॅनोग्रॅमने मोजायच्या प्रदूषकाच्या कितीतरी आधी तेच जागा अडवतात.

आणि पावडर परत काढायची कशी? प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज फिरवला की झालं, प्रक्रिया केंद्रात ते परवडत नाही. लोहाचे चुंबकीय कण जोडायची युक्ती आहे. पण त्या लोहाचंही वजन धरावं लागतं, म्हणजे ग्रॅममागची क्षमता घटते, आणि आम्लात लोह सुटतं. निसटलेली पावडर हा किरकोळ प्रश्न नाही. लांब, ताठ बहुभिंती (एकात एक नळ्या असलेल्या) नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखा परिणाम करतात, हे २००८ मध्येच दिसलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यातल्या एका प्रकाराला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातलं. आम्ही त्यांचं वजन धूर खेचणाऱ्या कपाटात, मास्क लावून करतो. तीच पावडर नदीकडे जाणाऱ्या पाण्यात मोकळी सोडायचा विचार मला पटत नाही.

माझं मत विचाराल तर नुसतं चिकटवून ठेवायला सक्रिय कोळसा पुरे आहे. तो स्वस्त आहे, थर रचून वापरता येतो, भट्टीत तापवून पुन्हा कामाला लावता येतो. नॅनोट्यूबनी त्याला जमत नाही ते करावं, आणि ते म्हणजे वीज नीट वाहून नेणं. त्यांचा जाळीदार थर करून त्यातून पाणी जाऊ दिलं आणि त्याला धन विद्युतदाब दिला, तर ऋणभारित पीएफओए ओढलं जातं. दाब उलटवला की पुष्कळसं सुटतं. पावडर उडत नाही, आणि धरलेलं रसायन कार्बनवरून धुवायला एरवी लागणारं मिथेनॉलही वाचवता येतं.

हातात येतं ते दाट द्रावण, रसायन तसंच शाबूत. कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात. एरवी बहुतेक सेंद्रिय रेणूंचा फडशा पाडणारे हायड्रॉक्सिल मूलकही (अतिशय क्रियाशील OH कण) एकटे पीएफओएला हात लावू शकत नाहीत. आधी इलेक्ट्रोडने त्याचा इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो. त्यासाठी इतका विद्युतदाब लागतो, की नॅनोट्यूब स्वतःच जळू लागतात. तिथे बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा इलेक्ट्रोड टिकतो, म्हणजे पुन्हा कार्बनच. एकाने गोळा करायचं, दुसऱ्याने तोडायचं, ही जोडी मला सध्या सगळ्यात आशेची वाटते. अडचण क्लोराइडची आहे. सांडपाण्यात ते भरपूर असतं आणि हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर त्याचं परक्लोरेट होतं, जे थायरॉइडला बाधतं. त्यामुळे या जोडीवरचा निबंध आला की शेवटच्या तक्त्यात परक्लोरेटचा रकाना आहे का, तेही मी बघते. बहुतेक वेळा नसतो.