कसायाने हात टेकले, बाई मेलफर्डला पोचली

विल केंप हा शेक्सपिअरच्या नाटक कंपनीतला विनोदी नट. १५९९ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला आणि ११ फेब्रुवारी १६०० ला लंडनहून नॉर्विचला निघाला, मॉरिस नाचत. मॉरिस म्हणजे पायांना घंटा बांधून करायचा इंग्लंडचा लोकनाच. शंभर मैलांहून जास्त अंतर. नाचाचे दिवस नऊ, पण मधल्या मेजवान्या, विश्रांती आणि बर्फ धरून जवळपास चार आठवडे गेले. नंतर त्याने या प्रवासावर पुस्तिका काढली, कारण त्याच्याबद्दल खोटीनाटी कवनं छापून विकली जात होती.

आमच्या मॉरिस मंडळाने हाच रस्ता सुट्ट्या जोडून, तुकड्या-तुकड्यांनी नाचत काढायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बस जात नाही का तिकडे?"

लंडन ते ब्रेंट्रीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. ट्रक, पाऊस, आणि एक हॉटेल, जिथला हीटर फक्त आवाज करायचा. केंपच्या वेळी ब्रेंट्रीच्या वाटेवर चिखल इतका होता की त्याच्यामागे उडी मारणारा एक गडी त्यात रुतून बसला. आम्हाला डांबरी रस्ता होता, तरी कुरकुर आमचीच जास्त.

खरी गंमत सडबरीला. इथे केंपला एक धट्टाकट्टा कसाई भेटला. पुढच्या 'बरी' या गावापर्यंत सोबत नाचतो म्हणाला आणि अर्धा मैल व्हायच्या आत त्याने हात टेकले. शंभर पौंड दिले तरी पुढे येणार नाही म्हणाला. तिथे उभी असलेली एक खेडवळ पोरगी त्याला हसली. मी सुरुवात केली असती तर जीव गेला तरी मैलभर नाचले असते, म्हणाली. लोक तिलाच हसले. केंपने तिला पायांत बांधायला घंटा दिल्या, तिने घागरा खोचला आणि दोघं वाटेतल्या मेलफर्ड गावापर्यंत नाचत गेली.

आमच्या नाचात ही पोरगी कोण होणार, यावर आमची चर्चा झाली. पुस्तिकेतल्या कवितेत ती रापलेली, गुबगुबीत आणि आखूड पायांची आहे. सगळे मोठ्या शिष्टाचाराने माझ्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. इंग्रज माणूस असा अवघडला की मला फार मजा येते. मी थोडा वेळ त्यांना तसंच ठेवलं आणि मग हो म्हटलं.

सडबरीच्या मार्केट हिलवर गेन्सबरो या चित्रकाराचा पुतळा आहे. त्याच्या पायाशी बसून मी घंटा बांधल्या. लहानपणी कथकला घुंगरू घोट्यावर बांधत होते. मॉरिसमध्ये पितळी घंटांचे चामडी पट्टे गुडघ्याखाली, नडगीवर बसतात. पट्टा सैल राहिला की खाली घसरतो, घट्ट बांधला की वळ उठतात. आमचा वादक डाव्या हाताने तीन भोकांची बासरी वाजवतो आणि उजव्या हाताने, त्याच डाव्या हाताला लटकवलेला छोटा ढोल. पावसाने ढोलाचं कातडं सैल पडलं होतं आणि ठोका ओल्या गादीवर मारल्यासारखा येत होता. तीन पावलं आणि एक उडी, पुन्हा तीन पावलं आणि उडी. पहिल्या वळणापर्यंत मजा वाटते. नंतर फक्त श्वास ऐकू येतो.

केंप या वाटेला 'लांब मैल' म्हणतो. लांब कसला! सडबरी ते मेलफर्ड जवळजवळ तीन मैल भरतं. कसायाचा अर्धा मैल सोडला तरी त्या पोरीने बोललेल्या मैलाच्या दुपटीहून जास्त नाच केला.

सत्तरीच्या एक बाई आमच्याबरोबर नाचत होत्या. त्यांच्या तरुणपणी मॉरिस हा पुरुषांचा नाच, असंच त्यांना ऐकवलं जायचं. १९७५ मध्ये बायकांनी स्वतःचं वुमेन्स मॉरिस फेडरेशन काढलं तेव्हा कुठे दारं किलकिली झाली. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हा नाच पुन्हा उभा केला तो मेरी नील या समाजसेविकेच्या क्लबमधल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनीच! केंपच्या पुस्तिकेत ढोलवाल्याचं नाव आहे, टॉमस स्लाय. नोकराचं आहे, विल्यम बी. नाचावर नजर ठेवणाऱ्या पंचाचंही आहे, जॉर्ज स्प्रॅट. त्या पोरीचं नाव नाही. मेलफर्डला केंपने तिला पोटभर दारू पाजली आणि आणखी पिण्यासाठी क्राउनचं एक नाणं दिलं. नाव विचारायला काय झालं होतं?

आम्ही मेलफर्डला पोचलो तेव्हा पबचं किचन बंद झालं होतं. दुपारी दोनला! घामाने निथळणाऱ्या माणसांना तिथल्या बाईंनी खारे शेंगदाणे दिले, ते मात्र फुकट.

बरी, थेटफर्ड, हिंगम करत नॉर्विच गाठलं. तिथे केंपने सेंट जॉन मॅडरमार्केटच्या चर्चच्या आवाराची भिंत उडी मारून ओलांडली होती आणि महापौरांनी त्याला वर्षाला ४० शिलिंग तहहयात लावून दिले होते. आम्ही भिंतीला हात लावून फोटो काढले.

पैशांचं म्हणाल तर केंपने निघण्याआधी लोकांकडे पैजेची रक्कम ठेवली होती. नाचून आला तर त्यांनी तिप्पट द्यायची. परत आल्यावर बहुतेकांनी तोंड लपवलं आणि त्याने पुस्तिकेत त्यांना चांगलं सुनावलं आहे. आमच्याही देणगीच्या यादीत आकडे जाहीर करून पैसे न भरलेले महाभाग आहेत. त्यातले एक माझे सख्खे काका. रोज सकाळी न चुकता गुड मॉर्निंग पाठवतात.