कडी लावायच्या आधी

समुपदेशनासाठी मी ज्या शाळांत जाते, त्यातली एक सोलापूरच्या पूर्व भागात आहे. आजूबाजूला यंत्रमाग, काही ठिकाणी खाली माग आणि वर संसार. शाळेचं नाव सांगत नाही, मुलाची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

मधली सुट्टी होऊन गेली होती. खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार आतून कुणीतरी लाथांनी बडवत होतं, बाहेरून कडी. शिपाई मनगट धरून उभे, मनगटावर दातांचे ताजे वण. "मॅडम, पाचवीतलं पोरगं. लई दंगा करायलंय बघा. दोघांनी धरून आत घातलं, तेव्हा कुठं वर्ग शांत झाला."

वर्ग शांत झाला होता, हे खरंच.

व्हरांड्यातले बघे आधी पांगवले. शिपायांना नळाखाली हात धरायला पाठवलं. मग कडी काढली आणि दार मोकळं ठेवून बाजूला भिंतीला टेकून जमिनीवर बसले. भेदरलेल्या मुलाची वाट अडवली की ते आणखी चवताळतं. "का केलंस?" हे तर विचारूच नये. जीव वाचवायच्या मागे लागलेलं शरीर भिडतं, पळतं नाहीतर थिजतं. कारण सांगणारं डोकं त्या वेळी जागेवर नसतं.

रिंगा आल्या, दोरी आली, मग एक लेझीम घसरत माझ्या पायाशी. मी पाय आवरून घेतले, बस्स. खूप वेळ गेला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांब्या घेऊन आल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "नीळ्ळू?" घरची तेलुगू कानावर पडली तशी त्याच्या मुठी सुटल्या. अर्धं पाणी प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं.

नंतर बाईंना विचारलं, त्याने काय केलं ते नको, त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं? बाई आठवत गेल्या. दरवेळी सुट्टीनंतरचं मौनच निघालं. डोळे मिटून, हाताची घडी, टाचणी पडली तरी ऐकू यावी असं.

त्याची आई घरीच विड्या वळते. तिच्याकडून कळलं, की खडखडाटात पोरगं गाढ झोपतं. वीज गेली, माग थांबले, की उठून दाराशी जाऊन बसतं. माग बंद पडले की वडील पिऊन वर येतात आणि मारझोड सुरू होते. सगळा उलगडा एवढ्यानेच होतो असं मी म्हणणार नाही. पण शांततेला घाबरणाऱ्या मुलाला आपण बंद, निवांत खोलीत कोंडत होतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मुलाला शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत डांबणं शारीरिक शिक्षेतच मोडतं. स्टाफरूममध्ये हे सांगितलं, तर एक गुरुजी म्हणाले, "म्हणजे हात लावायचाच नाही? कठड्यावर चढलं तर?" तर जरूर धरा, धोका टळेपर्यंत. पण पालथं पाडून पाठीवर भार टाकायचा नाही, श्वास कोंडतो. अमेरिकेत शाळांमध्ये असं धरताना-कोंडताना मुलं दगावल्याची प्रकरणं २००९ साली तिथल्या संसदीय समितीपुढे मांडली गेली होती.

बाईंचा सवाल जास्त अवघड होता. "मी त्याच्यापाशी बसले, तर उरलेल्या पोरांकडे कोण बघणार?" त्यांचं चुकीचं नव्हतंच. एकट्या शिक्षिकेवर हे टाकणं म्हणजे निव्वळ उपदेश. म्हणून आधी माणसं ठरवली. शेजारच्या वर्गाच्या बाई दोन्ही वर्ग बघतील, मावशी त्याच्याजवळ थांबतील, मागून खांद्यावर हात कुणी टाकायचा नाही. मौनात डोळे मिटायची सक्ती नाही, रस्त्याकडची खिडकी उघडी. घरच्या मारहाणीचं काम वेगळं; ते बाल कल्याण समितीकडे नेलंय.

त्यानंतरही तो बिथरलाय. एकदा डबा भिरकावला, तेव्हा मी शाळेत नव्हते. कुणी त्याला धरलं नाही. मावशींनी व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि शेवटच्या तासाला तो वर्गात परतला. खोलीची बाहेरची कडी काढून टाका, असं मी मुख्याध्यापकांना लेखी दिलंय. सामान चोरीला जाईल म्हणतात. मी म्हटलं, कुलूप लावा की, पण किल्ली ऑफिसात ठेवा.