लॅप स्टील नोंदवही: व्हॅम्प बसला, घोडं ब्लॉकिंगवर अडलं

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार म्हणजे लॅप स्टील. तिचं सी सिक्स्थ ट्यूनिंग आता कायम केलंय. जाड तारेपासून सी, ई, जी, ए, सी, ई. ए मेजर ट्यूनिंगवर हात बसलेल्यांना पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं, पण हवाईच्या जुन्या हॉटेल बँडांचा तो सहाव्या सुराचा गोडवा ए मेजरमध्ये इतक्या सहज हाती लागत नाही.

या खेपेला बराचसा वेळ हुला (हवाईचं नृत्य) व्हॅम्पने खाल्ला. दोन कडव्यांच्या मध्ये येणारी डी सेव्हन्थ, जी सेव्हन्थ, सी अशी कॉर्डची छोटी फेरी. स्टीलला तिथे वरच्या तीनच तारा पुरतात. बार बाराव्या पडद्यावर ठेवला की ए, सी, ई मिळतात. खाली रिदम गिटार डी सेव्हन्थ धरून असेल तर कानाला डी नाइन्थ लागतो. पाचव्या पडद्यावर त्याच तारा छेडा, जी नाइन्थ. पुन्हा बाराव्यावर या: सूर अगदी पहिलेच, पण आता खाली सी असल्यामुळे तो सी सिक्स्थ झाला. एकट्याने वाजवलं तर यातलं काहीच कळत नाही, म्हणून रिदमचा ट्रॅक आधी रेकॉर्ड करून घ्या. खरं काम खालचा गिटारवालाच करतोय.

माझ्या मते या संगीताच्या खपाचं गणितही तिथेच, खालच्या ठेक्यात आहे. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईचं संगीत ऐकून अमेरिका वेडी झाली, त्याचं श्रेय सगळे स्टीलच्या आवाजाला देतात. पण नवलाई किती दिवस पुरणार? पुढे 1920 च्या दशकात होनोलुलूच्या मोआना हॉटेलात बँडप्रमुख जॉनी नोबलने हवाईच्या चालींना जॅझचा ठेका दिला आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या पाहुण्यांना पाय कुठे टाकायचा ते कळलं. 1935 पासून त्याच हॉटेलातून ‘हवाई कॉल्स’ हा कार्यक्रम रेडिओवर जाऊ लागला. 1937 मध्ये अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीने ‘स्वीट लेलानी’ गायलं आणि त्या गाण्याला ऑस्करही मिळालं. गाणं नेब्रास्कात जन्मलेल्या हॅरी ओवेन्सचं, पण रेकॉर्डवर साथ लानी मॅकिन्टायरच्या बँडची. इंग्रजी शब्दांच्या या हापा-हाओले गाण्यांना ‘टुरिस्टांचा माल’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांनी लानीचा भाऊ डिक मॅकिन्टायर याचं स्टील एकदा शांतपणे ऐकावं, मग बोलू.

आता ब्लॉकिंग, म्हणजे वाजलेला सूर वेळेत दाबून थांबवणं. आपले कान मींडेवर पोसलेले. व्हॅन शिप्लेंच्या गिटारवर सिनेगीतांच्या धून ऐकलेल्या माणसाचा हात सूर ओढायलाच धावतो, कारण तिथे अख्खी चाल स्टीलच गातं. डान्स बँडमध्ये गायकाची ओळ संपली की दोन मात्रांची जागा मिळते, तेवढ्यात बोलायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणंच अवघड! तार छेडल्याबरोबर उजव्या तळव्याची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची, मगच बार हलवायचा. कड उशिरा टेकली तर बार सरकताना मागचा सूर फरफटत येतो आणि सगळं गिचमिड होतं. संथ लयीत जमतंय. फॉक्सट्रॉट नाचाच्या लयीला अंगठ्याची नखी पुढे धावते आणि तळवा मागे राहतो. बार धरलेल्या हाताची शेवटची दोन बोटं बारच्या मागे तारांवर सैल पडू दिल्यापासून खरखर मात्र बरीच कमी झाली आहे.

पुढे उलटा स्लँट (बार उलट्या बाजूला तिरका धरणं) आणि पाम हार्मोनिक्स (तळव्याच्या हलक्या स्पर्शाने काढलेले घंटेसारखे सूर). त्याआधी साथीला माणूस हवा. युकुलेलेवाले पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर नेमका चाप मारून लगेच तार दाबणारा विरळाच. पुण्यात कुणी असेल तर कळवा. चहा माझ्याकडे, व्हॅम्पही मीच शिकवीन.