माझे पाच गुण खाणारं पाकीट

कॅनडाला कसे गेलात असं कुणी विचारलं की नवरा एक्स्प्रेस एंट्रीवर, म्हणजे गुण मोजून कायम राहायला बोलावणाऱ्या कॅनडाच्या योजनेवर, बोलायला लागतो. मी पाकिटावर बोलते. खाकी, लांबट, मागच्या फ्लॅपवर सही आणि गोल शिक्का असलेलं पाकीट. इंग्रजीची परीक्षा, मेडिकल, बँकेचे कागद, सीमेवरचा पूल या सगळ्यांनी मिळून दिला नसेल एवढा ताप त्या एका पाकिटाने दिला.

आम्ही न्यू जर्सीत होतो. नवरा एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर, मी २०१५ पासून एच-फोर या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. त्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन पडलेला. पण नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. लेक २१ वर्षांची झाली की आमच्या अर्जातून बाहेर. माझं एच-फोरचं वर्क परमिट रद्द होणार अशा बातम्या २०१८ मध्ये सारख्या यायच्या. त्यातच एका मित्राची नोकरी गेली आणि त्याचे ते ६० दिवस आम्ही जवळून पाहिले. साठ दिवसांत नवी नोकरी शोधा, नाहीतर बिऱ्हाड उचला. त्यानंतर आमच्या घरात कॅनडा हा शब्द रोजच्या जेवणात आला.

मुख्य अर्जदार नवराच असणार हे आम्ही दोघांनीही गृहीत धरलं होतं. सहज म्हणून कॅनडा सरकारच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोघांची माहिती भरून पाहिली. जोडीदारासह अर्ज केला तर २० ते २९ वयाला १०० गुण असतात आणि तिशीनंतर ते दरवर्षी कमी होत जातात. तो ३९ वर्षांचा, त्याला ५०. मी ३३ वर्षांची, मला ८०. शिवाय माझं एमई आणि भारतातली सहा वर्षांची नोकरी. म्हणजे मुख्य अर्जदार मी आणि माझ्याखाली तो! तीन वर्षं प्रत्येक कागदावर ‘डिपेंडंट’ म्हणून सही केल्यावर याचा आनंद काय असतो ते एच-फोरवाल्याच जाणोत. तुम्हीही दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहाच. जास्त पगार ज्याचा त्याचेच गुण जास्त, असं अजिबात नसतं.

आता पाकीट. भारतातल्या पदव्या कॅनडाच्या पदव्यांच्या तोडीच्या आहेत असा दाखला लागतो, त्याला ईसीए म्हणतात. आम्ही तो वेस या पदव्या तपासणाऱ्या संस्थेच्या टोरांटोतल्या ऑफिसकडून घेतला. त्यांची अट अशी की ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने स्वतः बंद केलेल्या पाकिटात हवं, फ्लॅपवर सही-शिक्का हवा आणि पाकिटावर आपला रेफरन्स नंबर हवा. नवऱ्याचं विद्यापीठ वेगळं. त्याचं काम तीन आठवड्यांत झालं आणि पुढचे पाच महिने त्याने ते मला ऐकवलं.

माझ्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथे खेटे घातले माझ्या बाबांनी. त्यांच्या गावाहून एसटीने अडीच तास. मे महिन्यात ते पहिल्यांदा गेले, बीई आणि एमईच्या सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स आणि माझं अधिकारपत्र घेऊन. खिडकीवरच्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला, “काका, ह्या दोन वेगळ्या मुली आहेत.”

झालं होतं असं की बीई लग्नाआधीचं, म्हणून माहेरच्या नावाने. एमई लग्नानंतरचं, सासरच्या नावाने. बाबांनी लग्नाचा दाखला पुढे केला. तो म्हणे चालणार नाही, नाव बदलल्याचं राजपत्र आणा. आता गंमत पाहा, याच विद्यापीठाने एमईला मला याच दाखल्यावर नव्या नावाने प्रवेश दिला होता. बाबांनी ते बोलून दाखवलं. उत्तर आलं, “ते ॲडमिशनवाल्यांनी केलं असेल, आम्ही परीक्षा विभाग.” राजपत्राची गरजच नव्हती हे मला नंतर कळलं. वेसला दोन नावं चालतात, सोबत लग्नाचा दाखला दिला की झालं. विद्यापीठाने ज्या नावाने पदवी दिली त्याच नावाने ट्रान्सक्रिप्ट द्यायचं, एवढं साधं ते काम. बाबांनी शेवटी, “बरं, दोन वेगळ्या मुली समजा, मी दोघींचा बाप,” असं म्हणून दोन अर्ज केले आणि दोन चलनं भरली.

दुसऱ्या खेपेला साहेब सुट्टीवर. मग प्रवेशाचा हंगाम सुरू झाला, तेव्हा पंधरा दिवस कुणी खिडकीतून मान वर करून बघेना. जुलैत ट्रान्सक्रिप्ट तयार झालं, तर म्हणे पाकिटं आमच्याकडे नसतात, बाहेरून आणा. बाबांनी समोरच्या दुकानातून दोन पाकिटं आणली. माणसाने कागद आत घातले आणि स्टेपलरची पिन मारून हातात दिले! बाबांनी परत देऊन गोंद लावायला सांगितला, शिक्का मारायला सांगितला, सही घेतली. हे सगळं मी इकडे रात्री दोन वाजता फोनवर ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. “अगं, पाकीट उघडलं मी.”

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंद पाकीट हा सगळ्या कामाचा प्राण आणि तेच तुम्ही फोडता? दोन महिन्यांचं काम, एसटीची भाडी, सगळं पाण्यात. मी फोन आपटला. आईने तासाभराने फोन करून सांगितलं की ते जेवले नाहीत.

मग त्यांनी मार्कशीटचा आणि ट्रान्सक्रिप्टचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवला. एमईच्या ट्रान्सक्रिप्टवर माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं होतं. रात्री त्यांना झोप लागेना, म्हणून त्यांनी ते पाहिलं होतं. तसंच पाकीट टोरांटोला गेलं असतं तर तिथून शंका निघून परत आलं असतं आणि आम्ही थंडीतही तिथेच अडकलो असतो. मी माफी मागितली. ते म्हणाले, “ते जाऊ दे, आता पुन्हा कधी जाऊ ते सांग.”

दुरुस्तीचा वेगळा अर्ज, पुन्हा मूळ मार्कशीट दाखवा, पुन्हा पंधरा दिवस, मध्ये गणपतीची सुट्टी. या वेळी बाबांनी माझी दोन्ही नावं ठळक अक्षरांत कागदावर लिहून नेली आणि पाकीट बंद होण्याआधी त्या माणसाला मोठ्याने वाचायला लावली. शिवाय प्रत्येकी दोन जादा प्रती मागून घेतल्या. हे जरूर करा. एकदा खिडकीपाशी पोचलाच आहात तर जादा प्रत सोडू नका, पुढे कुणी ना कुणी मागतंच. आता काही विद्यापीठं हे सगळं ऑनलाइन पाठवतात. तुमचं त्यात असेल तर तुम्ही नशीबवान.

कुरिअर सप्टेंबरच्या शेवटी निघालं आणि ईसीए नोव्हेंबरमध्ये हातात आला. मधल्या ऑक्टोबरमध्ये मला चौतीसावं लागलं. ८० चे ७५ झाले. ४४८ गुण व्हायचे ते ४४३ राहिले. नवऱ्याने केक आणला होता, मी तो कापताना पाच गुणच कापत होते.

ईसीएशिवाय प्रोफाइल बनत नाही, त्यामुळे ते नोव्हेंबरच्या मध्यानंतर बनलं. मग ठरावीक गुणांच्या वरच्यांना आमंत्रण देणारे ड्रॉ निघतात. २८ नोव्हेंबरच्या ड्रॉचा कटऑफ ४४५. दोन गुणांनी हुकलं. १२ डिसेंबर, पुन्हा ४४५. ४४८ असते तर पहिल्याच फटक्यात निघालो असतो, हे मी घरात इतक्या वेळा म्हटलं की सहा वर्षांची लेकसुद्धा “फोर फोर्टी एट” म्हणायला लागली. १९ डिसेंबरला कटऑफ ४३९ वर उतरला आणि आमंत्रणाचा ईमेल आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आधी आनंदाने आणि मग त्या खिडकीवरच्या माणसाच्या रागाने.

पुढचं भराभर झालं. आमंत्रणानंतर पूर्ण अर्ज भरायला तेव्हा ६० दिवस मिळायचे. ते पुरतात, पण पुरतात ते आधीपासून कागद जमवणाऱ्याला. जुन्या कंपनीचं नुसतं ‘एक्स्पीरियन्स लेटर’ चालत नाही. त्यावर काय काम करत होता, आठवड्याला किती तास आणि पगार किती, हे सगळं हवं. मी जुन्या मॅनेजरला मजकूर तयार करून पाठवला, त्याने लेटरहेडवर घेऊन सही केली. तिघांच्या कुटुंबाला त्या वर्षी १९ हजारांहून थोडे जास्त कॅनेडियन डॉलर दाखवायचे होते, आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. त्यामुळे ऐन वेळी कुणाकडून उसने घेऊन खात्यात टाकून भागत नाही. दहा वर्षांत जिथे जिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात तिथलं पोलिस सर्टिफिकेट लागतं. अमेरिकेतलं ते एफबीआयकडून घ्यायचं, तर नाव ऐकूनच मी घाबरले होते. बोटांचे ठसे, १८ डॉलर आणि काम खलास.

हो, आयईएलटीएसचं, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचं, सांगायचं राहिलं. जनरल ट्रेनिंग द्यायची, ॲकॅडमिक नाही. लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले की शिक्षण आणि अनुभवाचेही गुण एकदम उडी मारतात. अर्ध्या बँडने चुकलं तर सरळ पुन्हा द्या, ते पैसे वाया जात नाहीत. दाखला दोन वर्षंच चालतो हे मात्र लक्षात ठेवा.

मेडिकल अगदी आधी करू नका. ते एक वर्ष चालतं आणि कॅनडात पाऊल ठेवण्याची शेवटची तारीख बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते.

ऑगस्ट २०१९ च्या शेवटी, लेकीची शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही बफेलोहून पीस ब्रिज हा सीमेवरचा पूल ओलांडला. गाडी सोबत नेत असाल तर तिचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अमेरिकेच्या कस्टम्सला ७२ तास आधी पोचायला हवं, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं परवानगीपत्रही. सामानाची यादी दोन भागांत करायची, सोबत आणलेलं आणि मागून येणारं. दागिने वेगळे लिहा, फोटोसकट. माझ्या पाटल्यांचं वर्णन इंग्रजीत लिहिताना नवऱ्याला घाम फुटला होता. अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, लेकीला हाय म्हटलं आणि शिक्का मारला. ओंटारिओत सरकारी आरोग्यविम्याला तेव्हा तीन महिने थांबावं लागायचं, म्हणून तेवढ्यापुरता खासगी विमा घेतला होता. नोकरी आणि करासाठी लागणारा सिन नंबर त्याच आठवड्यात मिळाला.

जादा प्रतींची पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत, बंद. बाबा आता त्यांच्या गावातले ट्रान्सक्रिप्टतज्ज्ञ झालेत. मागच्या आठवड्यात फोन केला तर पाठीमागून आवाज येत होता. शेजारच्यांच्या मुलाला समजावून सांगत होते, “आधी वाचून घ्यायचं. मगच गोंद.”