रपट्यावरची पाहुणी मंडळी

आमच्या नाल्यावरचा रपटा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे काही नवं नाही. आज मात्र पुलांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीची माणसं आली होती. खालची जमीन किती घट्ट ते कळायला पात्रात तिपाई रोवून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून नळीवर सोडायचा आणि नळी 30 सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले ते मोजायचं. वरच्या काळ्या मातीत नळी पटापट गेली, मुरूम लागला तशी पोरं घामाघूम. (अर्धं गाव ठोके मोजत होतं. तुरीचं खळंही एवढ्या मन लावून कोणी पाहत नाही.)

इंजिनिअर मॅडम मात्र म्हाताऱ्यांनाच विचारत होत्या, सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता? त्या पातळीवरून पुलाची उंची ठरते आणि पूर तळ किती खरवडेल त्यावरून पायाची खोली. आमचे आबाजी त्यांना थेट मारुतीच्या देवळात घेऊन गेले. "हे पाहा, अथीलोक होतं. देवाच्या कंबरेले पाणी." मॅडमनी टेप लावून लिहून घेतलं.

"मंग औंदा पाण्याच्या आंधी होते का पूल?"

"आबाजी, आम्ही फक्त डिझाइन करतो."

"हाव, तेच म्हणलं," म्हणत आबाजींनी त्यांच्यापुढं चहा सरकवला.