दिवस ११८ : ते डायटम नव्हतेच

गेल्या वेळी माझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळटाकीबद्दल मी मोठ्या ऐटीत, फोटोसकट लिहिलं होतं : नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पंधरा दिवसांत तपकिरी थर गायब. तो फोटो आता बघवत नाही. "जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) जरा बेतानं" असं ज्यांनी तेव्हाच बजावलं होतं, त्यांना इंदूरला आलात की पोहे माझ्याकडून.

आधीचं थोडक्यात. पहिले डायटम (सिलिकावर वाढणारं तपकिरी सूक्ष्म शेवाळ) खरेच डायटम होते आणि चूक माझ्या डीआयची, म्हणजे आरओनंतरच्या रेझिनच्या गाळणीची होती. मीटर ०० दाखवतंय म्हणून मी रेझिन बदललं नाही. पण सिलिका टीडीएस मीटरला (विरघळलेले क्षार मोजणारं) जवळजवळ दिसतच नाही, आणि रेझिन थकलं की आधी तीच निसटते. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोअर. माझ्या मीटरवर नळ दोनशेच्या आसपास, बोअर सातशेच्या वर. माळव्याखाली सगळा काळा बसाल्ट, म्हणजे बोअरच्या पाण्यात सिलिका येणारच. नवं रेझिन भरलं, पंधरा दिवसांत काच स्वच्छ. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला चेव आला : जीएफओ दुप्पट, खाणं एक दिवसाआड, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) फुल्ल. हॅनाच्या फॉस्फेट चेकरवर ०.०० आलं तेव्हा मी घरात पेढे वाटायचा बाकी होतो.

दिवस ८३ ला वाळूवर पुन्हा डाग. कुणी कोको पावडर सांडावी तसे. मी म्हटलं, आले परत डायटम. रेझिन पुन्हा बदललं (हजार रुपये पाण्यात, शब्दशः). डाग वाढले. वाळू सायफन केली, दुसऱ्या दिवशी दुपारी जैसे थे. तीन दिवस टाकीला काळी चादर गुंडाळून ठेवली. चादर काढली तेव्हा पांढरीशुभ्र वाळू, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कोको. इथल्या दुकानदाराचा सल्ला : "भिया, शेवाळ की दवाई डाल दो, सुबह तक साफ." प्रवाळाच्या टाकीत शेवाळाचं औषध! मी नमस्कार करून निघालो.

डोक्यात प्रकाश पडला तो आईमुळे. पहाटे पाचला ती पाणी भरायला उठते. म्हणाली, "अरे, तुझा समुद्र सकाळी तर अगदी चकचकीत असतो, तू उठेपर्यंत घाण कुठून होते?" मी दोन रात्री जागून बघितलं. दिवे गेले की तासाभरात डाग विरतात, सकाळी वाळू कोरी, दिवे लागले की अकराच्या सुमारास पुन्हा रंग चढायला लागतो. माझे आधीचे डायटम असे ये-जा करत नव्हते. रात्री वाळूत शिरणारं काहीतरी होतं.

नमुना बाटलीत खळखळून हलवला, गाळणकागदातून गाळला आणि दिव्याखाली ठेवला. डायनो (डायनोफ्लॅजेलेट, पोहणारे एकपेशीय जीव) असतील तर गाळलेल्या पाण्यात पुन्हा गुठळ्या धरतात. माझ्याकडे थोडं जमलं, थोडं नाही. निकाल लागेना. शेवटी शेजारच्या पॅथॉलॉजीवाल्या काकांना गाठलं. रात्री नऊला पेशंट संपल्यावर, लघवीच्या डबीत वाळूचं पाणी घेऊन. ४०० पटीवर काकांनी डोळा लावला आणि ओरडले, "अरे, हे तर पळतंय!" लंबगोल पेशी, टोकाला एका बाजूला कललेली बारीकशी जीभ, काचेवरून घसरत चाललेल्या. दोऱ्याला बांधल्यासारख्या एका जागी झोके घेत नव्हत्या, म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस हा डायनो नाही. त्याचाच भाऊबंद, अँफिडिनियम.

हे कळलं नसतं तर मी यूव्ही (पाणी अतिनील दिव्यासमोरून नेणारं यंत्र) मागवणार होतो, कार्टमध्ये टाकून झालं होतं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो म्हणून यूव्ही त्याला मारतो. हा वाळूत झोपतो, यूव्हीपर्यंत पोचतच नाही. पैसे वाचले, काकांना एक क्लाउनफिश देणं लागतो.

आता उलटी गंगा. पाणी इतकं उपाशी ठेवलं की बाकीचं शेवाळ आणि बॅक्टेरिया मागे पडले, आणि रिकामं मैदान याला मिळालं. म्हणून जीएफओ बंद, खाणं रोज. माझ्या १५० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमनं (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढवायला पोटॅशियम नायट्रेट १.२२ ग्रॅम पुरतं. शेतकऱ्यांचं १३-०-४५ खत तेच, पण त्यात आणखी काय असेल म्हणून मी लॅब ग्रेड घेतलं. नायट्रेट दोन दिवसांत ४ वर आलं. फॉस्फेट मात्र घालतो तेवढं टाकीतला, कोरडाच आणून टाकलेला खडक पिऊन टाकतो. काल पहिल्यांदा ०.०३ टिकलं आणि मी पुन्हा पेढ्यांच्या विचारात.

उरला सिलिकेटचा डोस, म्हणजे ज्या डायटमना मी हाकललं त्यांनाच, याची जागा घ्यायला आमंत्रण. हे लिहिता लिहिता सुचलं की डीआय काढून नुसत्या आरओनंच टॉपअप केलं, म्हणजे रोज उडून जाणारं पाणी भरलं तर? हिशोब मांडला : आरओतून १ पीपीएम सिलिका जरी निसटली, तरी रोजच्या अडीच लिटरमधून टाकीत जेमतेम ०.०१७ पीपीएम पडते. मला १ पीपीएमच्या आसपास हवी. बाद. उद्या सियागंजच्या बाजारात सोडियम सिलिकेट शोधतो.

बाकी : मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसनं आलेल्या पाच टर्बो गोगलगायींपैकी दोन मेलेल्या, पिशवीला वास. विक्रेता म्हणे तुमचं ड्रिप (थेंबाथेंबानं नव्या पाण्याची सवय लावणं) चुकलं. पिशवी उघडायच्या आधीच! आणि मागच्या खडकावर कोरलाइन शेवाळाचा पहिला जांभळा ठिपका, मोहरीएवढा. रोज टॉर्च मारून बघतो.

सोडियम सिलिकेट कुणी घातलं असेल तर अल्कलिनिटी किती सरकली तेवढं सांगा. माझी आत्ता ८.१ डीकेएच आहे.