जखमी म्हणजे किती जखमी?

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी माझ्या फोनवर मोझांबिकमधून एक छायाचित्र आले. वाळलेल्या गवताची एक पात, तिच्यावर मसुराच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका आणि आकार कळावा म्हणून शेजारी धरलेले कोणाच्या तरी अंगठ्याचे नख. खाली शिकार-मार्गदर्शकाने एवढेच लिहिले होते की रानरेड्याला गोळी लागली आहे, माग काढणे चालू आहे. त्या ठिपक्याची किंमत साडेचार हजार डॉलर होती. ती द्यायची की नाही, याचा निर्णय पुढच्या काही दिवसांत गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या कार्यालयात बसून मला करावा लागला. निर्णय झाला आणि पैसेही गेले, पण प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

माझा व्यवसाय प्रवास-नियोजनाचा आहे. घर चालते ते काशी, चारधाम आणि दुबईच्या सहलींवर, पण गेली काही वर्षे मी आफ्रिकेतील परवानाधारक शिकारीच्या सफरीही आखतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर, हौसेखातर परवाना काढून करण्याजोगी शिकार उरलेली नाही. आफ्रिकेतही सगळे देश खुले नाहीत. केनियाने १९७७ पासूनच ती बंद केली आहे. ज्यांना हे काम म्हणजे विमानाचे तिकीट आणि बंदूक एवढेच वाटते, त्यांना मी नेहमी सांगतो की बंदूक हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. येथून हत्यार नेण्याचा खटाटोप माझे ग्राहक करीत नाहीत, ते तळावरचीच रायफल भाड्याने घेतात.

अवघड असते ती हंगामाची जुळणी. नामिबियाचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो आणि ३० नोव्हेंबरला मिटतो. मोझांबिकमध्ये झांबेझीच्या मुखाजवळच्या सपाट प्रदेशात पावसाळ्यात पाणी भरते, त्यामुळे तिथले काम कोरड्या महिन्यांतच होते. ही सफर ज्या तीन भावांसाठी आखली, त्यांच्या कुटुंबाचे पंचांग मात्र घरातल्या आईच्या हाती होते. श्रावणात जीवहत्या नाही, चवथीला सर्वांनी घरी असलेच पाहिजे, पितृपक्षात प्रवास नाही आणि नवरात्रात तर विषयच काढायचा नाही. या अटी मी कधीच अडचण मानल्या नाहीत. तिन्ही भावांनी त्या निमूट पाळल्या, याचे मला कौतुकच वाटले. त्यातून दोन फटी मिळाल्या: मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत नामिबिया आणि दसऱ्यानंतर मोझांबिक.

नामिबियाची सफर मी आग्रहाने आधी ठेवली होती. आमच्याकडे ज्यांनी बंदूक हाताळलेली असते, त्यांनी ती टेकू देऊन, बसून, निवांत नेम धरून हाताळलेली असते. आफ्रिकेत माग काढणारा पुढे चालतो, अचानक थांबतो, तिकाटणे रोवतो, आणि त्यावर रायफल ठेवून बार काढायला मोजून चार-पाच सेकंद मिळतात. हे अंगवळणी पडण्यासाठी कुडू आणि ओरिक्स ही हरणासारखी जनावरे आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर यांच्यामागे आठ दिवस चालणे हीच शाळा. त्या महिन्यांत हवा कोरडी, झाडी विरळ आणि रात्री कडाक्याच्या थंड असतात. कोणता प्राणी मारायचा, हे शिकारीपूर्वी मिळवायच्या परवान्यातच नोंदलेले असते, आणि एका शिकाऱ्याला एका जातीचे दोनापेक्षा जास्त मारता येत नाहीत. मुंबईतले काही दलाल ही पायरी गाळून थेट रेड्याची सफर विकतात आणि वर ‘शिकार नक्की’ असे लिहून देतात. मला त्यांचा मनापासून राग आहे. रानात कोणतीही गोष्ट नक्की म्हणून विकणारा माणूस कधी रानात गेलेला नसतो.

पैशांची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर लिहायला बसलो तर लेख तिथेच संपेल. दिवसाचा दर आगाऊ द्यायचा असतो. प्राण्याची फी, जिला आम्ही ट्रॉफी फी म्हणतो, ती जे जनावर पडेल त्यावर शेवटी ठरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच ग्राहकाकडून गोळा करायचा कर, लागू झाला, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाखांवर गेली. शेवटचा आकडाच ठाऊक नसलेल्या सफरीला हे कसे लावायचे, हे समजावता समजावता बँकेत माझे अर्धे दिवस गेले आहेत. म्हणून मी ट्रॉफी फीपोटी अंदाजे रक्कम ग्राहकाकडून आधीच घेऊन ठेवतो.

मोझांबिकमधल्या शिकारीच्या राखीव क्षेत्राला ‘कुतादा’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे, आणि आमच्याकडच्या ज्या वृद्धांचे शिक्षण त्या भाषेत झाले, त्यांना तो उलगडून सांगावा लागत नाही. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात तिथले रेड्यांचे प्रचंड कळप खाऊन संपवले गेले होते. ते पुन्हा उभे राहिले आहेत आणि २०१८ मध्ये झांबेझीच्या त्या मुखप्रदेशात दक्षिण आफ्रिकेतून आणलेले २४ सिंहही सोडण्यात आले. दरवर्षी किती रेडे मारायचे याचा कोटा ठरतो, आणि तो ठरतो म्हणूनच तिथे जखमी होऊन निसटलेला रेडाही मेलेला धरून कोट्यातून वजा होतो. जखमी जनावराची पूर्ण फी लागते ती यामुळे.

मोठ्या भावाची, म्हणजे दादांची, संधी चौथ्या दिवशी सकाळी आली. शिंगांचा कपाळावरचा जोड पुरता घट्ट झालेला, वयस्क, एकटा चरणारा नर साठ पावलांवर आडवा उभा होता. रेड्याचे हृदय आपल्याला वाटते त्याहून बरेच खाली, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात असते. नेम तिथेच धरायचा हे नामिबियात आणि तळावर दहादा सांगून झाले होते. .३७५ रायफलीचा बार झाला आणि रेडा लव्हाळ्यांच्या दिशेने पळाला. गोळी लागल्याचा आवाज ऐकल्याचे मार्गदर्शकाने सांगितले, दादांनी सांगितले की नेम चुकला. तीनशे पावलांवर पहिला थेंब मिळाला. पुढे दोन किलोमीटरांत मोजून अकरा थेंब आणि एका लव्हाळ्याच्या दांड्यावर एक फराटा, आणि नंतर तो माग कळपाच्या खुरांत मिसळून गेला. दोन दिवस शोध चालला, रेडा मिळाला नाही. कोट्यातला दादांचा रेडा वापरला गेला होता. पुढचे चार दिवस ते धाकट्या भावांबरोबर नुसते हिंडले.

परत आल्यावर ते माझ्या कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या हातात माझाच कागद होता. आमचे बोलणे कोकणीत झाले, येथे मराठीत लिहितो.

“तुम्ही लिहिले आहे, ‘प्राणी जखमी होऊन सापडला नाही, तरी पूर्ण फी द्यावी लागेल.’ बरोबर?”

“बरोबर.”

“मग मला सांगा, बाभळीचा काटा लागून बैलाचे यापेक्षा जास्त रक्त जाते. त्याला तुम्ही जखमी म्हणता का?”

मी गप्प राहिलो, कारण मला त्याच क्षणी माझी चूक दिसली होती. मूळ करार इंग्रजीत होता आणि त्यात शब्द रक्ताचा होता: रक्त दिसले की जनावर मारले असे समजले जाईल. दरवर्षी मी ग्राहकांसाठी कराराचा मराठी गोषवारा तयार करतो. तो करताना रक्ताचा शब्द मला उग्र वाटला, वाक्य सभ्य दिसावे म्हणून मी ‘जखमी’ लिहिले. रक्त दिसते किंवा दिसत नाही. जखम किती, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे असते. दादांनी इंग्रजी करारावर सही केली होती, परंतु विश्वास ठेवला होता तो माझ्या मराठी कागदावर, आणि तसाच तो ठेवावा म्हणून तर मी तो देत होतो.

दुसरा आक्षेप त्यांनी जाता जाता घेतला आणि तो पहिल्याहून वजनदार होता. रक्त पडले हे सांगणारा आणि त्याचे पैसे घेणारा एकच आहे, असे ते म्हणाले. या धंद्याच्या रचनेतला हा खरा दोष आहे आणि मी तो नाकारला नाही. पण ज्याला लव्हाळ्यांत जखमी रेड्याच्या मागे चालायचे म्हणजे काय हे ठाऊक आहे, तो असा संशय घेणार नाही. त्या दाटीत तीन हातांपलीकडचे दिसत नाही, आणि जखमी रेडा वळसा घालून आपल्याच मागावर येऊन थांबतो. खोट्या फीसाठी कोणी दोन दिवस तिथे शिरत नाही. हे मी दादांना सांगितले. ते म्हणाले, “असेल.”

त्या रविवारी मी सत्तरी तालुक्यात मामांकडे गेलो. मामा ऐंशीच्या पुढचे आहेत. कायदा येण्यापूर्वी त्यांनी रानडुकरांच्या शिकारी केल्या होत्या, आणि शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक पुढे कित्येक वर्षे प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करून परत आणली होती. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हातून सावलीत नेला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला आणि पहिले छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग विचारले, “फेस होता काय?”

“नाही.”

“म्हणजे फुप्फुस नाही. काळपट नाही, म्हणजे यकृतही नाही. दुसरे दाखव.”

दुसऱ्या छायाचित्रात लव्हाळ्यावरचा फराटा होता. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्यांना हवे होते आणि मला ठाऊक नव्हते. मी तिथूनच मार्गदर्शकाला निरोप पाठवला. पाऊण तासाने उत्तर आले: गुडघ्याच्या वर वीतभर. मामांनी स्वतःच्या पायाला हात लावून ती उंची पाहिली. “पुढचा पाय. नेम खाली गेला,” ते म्हणाले. “रगत पडलें म्हणटकच लागलें. पण शिसे आत राहिले की चाटून गेले, हे फोटोत दिसत नाही.” थोड्या वेळाने, मी निघायला उठलो तेव्हा, त्यांनी विचारले, “मग मिळाला काय तो?” मी नाही म्हणालो. पैशांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. त्यानंतर मी दोनदा त्यांच्याकडे गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला.

परतताना वाटेत गोळावलीची आठवण झाली. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात तिथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले होते. माझ्या व्यवसायाला नावे ठेवणारे मला अनेक जण भेटतात, आणि शिकार नकोच असे म्हणणाऱ्यांचा मी मान राखतो. मात्र मला हेही दिसते की आमच्या रानात चार वाघ संपतात तेव्हा ते मेल्यावरच कळते, आणि त्या कुतादामध्ये निसटलेल्या एका रेड्याच्या अकरा थेंबांची नोंद होते, तो कोट्यातून वजा होतो आणि त्याची फी कोणाला तरी भरावीच लागते. ती नोंद खोटी पाडण्यात माझा हात असावा, हे मला मान्य नव्हते.

सोमवारी मी पूर्ण फी आउटफिटरला, म्हणजे तिथे सफर चालवणाऱ्याला, पाठवली आणि दादांना फोन करून तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “कागद तुम्हीच लिहिला आणि त्याचा अर्थही तुम्हीच लावलात.” यावर देण्यासारखे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. शब्द माझा चुकला होता, म्हणून या सफरीतले माझे संपूर्ण कमिशन त्याच दिवशी मी त्यांच्या खात्यात जमा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसेच्या तसे परत आले, सोबत एका ओळीचाही निरोप नव्हता. दिवाळीला दरवर्षी त्यांच्या घरून येणारा फराळ या वेळी आला नाही.

नव्या हंगामाच्या गोषवाऱ्यात मी ते वाक्य बदलले आहे. ‘रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी प्राणी मारला असे धरून पूर्ण फी द्यावी लागेल’ असे आता तिथे ठळक अक्षरांत आहे, आणि सही घेण्यापूर्वी मी ते ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवतो. दोघांनी ते ऐकून सफर रद्द केली. त्यांना मी थांबवले नाही.

परत आलेली कमिशनची रक्कम मी इतर पैशांत मिसळलेली नाही. वहीत तिच्यासाठी वेगळे पान केले आहे, पण वर नाव घातलेले नाही. ३१ मार्च जवळ येत आहे आणि आमचे हिशेबनीस दोनदा विचारून गेले आहेत की हे पैसे उत्पन्नात धरायचे की देण्यात. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले आहे.